सांदवाडीचा नकाशा

गोंदिया जिल्ह्याचं नाव हवामानाच्या बातमीत पहिल्या ओळीत यायचे दिवस म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. उन्हाळ्याचा मान चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी आपसात वाटून घेतात, तिथं आमची डाळ शिजत नाही. पण थंडी पडली की 'विदर्भात गोंदिया सर्वांत थंड' हा मथळा आमचाच. तो छापून आला की गावात पेपर मोठ्यानं वाचला जातो. "आठ पॉइंट दोन!" असं आमचे पोलीस पाटील सांगतात, तेव्हा पारा त्यांनीच रात्री उठून खाली उतरवलाय असं वाटतं. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरनं ३.५ अंशांवर जाऊन हा मथळा पळवला होता. त्याचं दुःख शेकोटीवर अजून निघतं. "त्यायच्याकडे विमान आहे, मेट्रो आहे, हायकोर्ट आहे," पोलीस पाटील म्हणतात, "थंडी तरी आमच्याकडे राहू द्या ना जी!"

याच दिवसांत पुण्याच्या पुतण्याचा फोन येतो.

"काका, गोंदियाला थंडी असते?"

त्याच्या मते विदर्भ म्हणजे बारा महिने उन्हाळा आणि मधूनमधून संत्री. आमच्याकडे संत्री नाही, धान होतो, हे मी त्याला तो शाळेत होता तेव्हापासून समजावत आलोय. तो शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "बरं, मग संत्री कधी पाठवताय?"

थंडी खरी असल्याचा पुरावा तर आमच्या तालुक्यातच राहतो. गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग ही वसाहत आहे, १९७२ सालची. जगाच्या छपरावरून उतरलेली माणसं अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात येऊन राहिली. हिवाळा लागला की त्यांतले कितीतरी जण स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. मी एकदा नागपुरात फूटपाथवरच्या अशाच एका दुकानातून स्वेटर घेतला. दुकानातल्या बाईंनी विचारलं, कुठले? मी म्हटलं, अर्जुनी मोरगाव. त्या खुदकन हसल्या. "आम्ही पण तिकडचेच! मग इतक्या लांब कशाला आलात?" दोघं एकाच तालुक्यातले, दोघंही दीडशे किलोमीटर लांब येऊन एकमेकांना स्वेटर विकतोय-घेतोय, याचं मला मोठं कौतुक वाटलं. भाव मात्र त्यांनी नागपूरचाच लावला.

तर थंडी खरी, आणि थंडीत माणसाला विचार सुचतात. धान कापून, चुरून, बोऱ्यांत भरून झालेला असतो. खरेदी केंद्रावर सातबारा, आधार, पासबुक देऊन नंबर लावलेला असतो. बारदाना आला का आणि बोनस किती जाहीर झाला, या दोन प्रश्नांखेरीज जिल्ह्याला दुसरं काम नसतं. अशा वेळी आमच्याकडचा प्रत्येक माणूस थोडा तत्त्वज्ञ होतो. मला तर ते करावंच लागतं, कारण आमच्या गावापासून नवेगावबांधचा तलाव लांब नाही. मारुती चितमपल्ली तिथं वनाधिकारी होते, आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. तेव्हापासून या परिसरात पाण्याकाठी बसणाऱ्या प्रत्येकाला आपल्यालाही काहीतरी गहन सुचायला हवं अशी जबाबदारी वाटते. निवृत्त शिक्षकाला जरा जास्तच.

म्हणून मी एका सकाळी स्वेटर, कानटोपी, मफलर आणि वरून शाल अशा सरंजामानिशी तलावावर जाऊन बसलो. पाण्यावर धुकं होतं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब समोर पोहत होते. चिंतनाला याहून चांगली सोय सरकारही करून देऊ शकणार नाही. मी डोळे अर्धे मिटले, श्वास सोडला, आणि मनात पहिला विचार उमटला: मागच्या उन्हाळ्यात ढेमसं किती महाग होती!

दुसरा विचार त्याच्याच मागून आला. घरामागं एवढी सांदवाडी पडलेली असताना आपण ढेमसं विकत का घ्यावीत? तिसरा विचार येईपर्यंत पायांना मुंग्या आल्या आणि मी चहाला घरी आलो. पण ठिणगी पडली होती. फेब्रुवारीत ढेमस, भेंडी, लवकी, काकडी, बरबटी आणि चवळाई, सगळं घरचं! होळीच्या सुमारास पहिला तोडा! जास्तीचं शेजारी वाटायचं, त्याहून जास्तीचं बाजारात. पिशव्या कोणत्या लागतील इथपर्यंत माझा विचार झाला होता.

मी आयुष्यभर सहावी-सातवीला भूगोल शिकवला. त्यामुळे कुदळ हातात घेण्याआधी नकाशा काढणं मला भागच होतं. खताच्या दुकानानं फुकट दिलेल्या कॅलेंडरच्या मागची कोरी बाजू घेतली, प्रमाण ठरवलं, उत्तरेचा बाण काढला, सूची केली. ढेमसाला हिरवा, काकडीला पोपटी, लवकीला फिका हिरवा, भेंडीला गडद हिरवा. चारही रंग वाळल्यावर एकसारखेच दिसू लागले, म्हणून आत नावं लिहिली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत बघून भेंडीची लागण ३० बाय १५ सेंटिमीटरवर टिंबांनी दाखवली. जमिनीचा उतार दाखवायला समोच्च रेषाही काढल्या. हे सगळं मी शेकोटीजवळ बसून करत होतो, कारण घरात बोटं वळत नव्हती.

"का करता जी, गुरुजी?" कोपऱ्यावरच्या दाजींनी विचारलं.

"नकाशा."

"कोनाचा?"

"सांदवाडीचा."

"कायले? वाट चुकता का?"

बायकोनं तो नकाशा जास्त गंभीरपणे पाहिला. उलटसुलट धरून पाहिला.

"हे गोल गोल का आहे?"

"समोच्च रेषा."

"मले वाटलं कोहळं."

मग तिनं खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तनस कुठं ठेवायची? कोहळ्याच्या वड्या वाळवायची खाट कुठं टाकायची? सांबाराचा वाफा का बुजवला? धुण्याच्या दगडावर काकडीचा वेल कोण चढवणार आणि मग धुणं कोण धुणार? नकाशात जिथं मी मोठ्या हौसेनं 'लवकी मंडप' लिहिलं होतं तिथं प्रत्यक्षात संडासाची टाकी होती. भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही सीमेवरून इतका खल झाला नसेल. शेवटी तह झाला. तनस, खाट, दगड, सांबार आणि टाकी यांना हात लावायचा नाही, उरलेली जागा माझी. उरलेली जागा मी मोजली नाही. थंडीत उगाच मन कशाला मोडायचं?

शेकोटीवर मात्र माझ्या बागेची चर्चा रोज व्हायची. या शेकोटीचा एक नियम आहे. ज्याच्या घरामागं भाजीचं पानही उगवत नाही, त्याला भाजीपाल्याचं सर्वांत जास्त कळतं. एकानं सांगितलं, ढेमस पौर्णिमेच्या आधी लावा. दुसरा म्हणाला, छे, नंतर लावा. तिसऱ्यानं बी रात्रभर दुधात भिजवायला सांगितलं. त्यावर चौथ्यानं दुधाचा भाव विचारला, मग चर्चा दुधावर गेली, दुधावरून म्हशीवर, म्हशीवरून कोणाच्या तरी जावयावर. पोलीस पाटलांचा सल्ला सर्वांत व्यवहारी होता. "ढेमस लावूच नोका. शनवारच्या बाजारात भेटते."

दाजींनी तर घाव वर्मीच घातला. "आमी लाखोरी फेकली. झाली."

हे खरं आहे आणि म्हणूनच फार लागतं. आमच्याकडे धान उभा असतानाच, कापणीच्या थोडं आधी, बांधीतल्या ओलीवर लाखोरी नुसती फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही, नकाशा तर नाहीच नाही. धान कापला की खालून हिरवा गालिचा वर आलेला. थंडीभर कोवळी भाजी खा, पुढं डाळ करा. या बिचाऱ्या डाळीवर सरकारनं १९६१ साली विक्रीबंदी घातली होती, कारण दुष्काळात नुसती तीच खाऊन माणसांचे पाय लुळे पडल्याचे दाखले होते. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला आणि २००८ साली महाराष्ट्रात ती उठली. तोवर आमच्याकडे लोक लाखोरी पेरत होते, खात होते आणि डाळीचं नाव कोणी विचारलंच तर गप्प बसत होते. बंदी आली काय, उठली काय, लाखोरीला पत्ता नव्हता. ती उगवत राहिली. शासनानं बंदी घालूनही जे पीक थांबत नाही, त्याच्या शेजारी बसून मी ढेमसाला ठिपके देत होतो.

बियाण्याचं सांगतो. दुकानातल्या पाकिटावरची भेंडी एवढी तुकतुकीत असते की पाकीटच तळून खावंसं वाटतं. पण मला गावरान वाण हवं होतं, म्हणून आत्याबाईंकडे गेलो. आत्याबाई गावाच्या बियाणं बँकेच्या मॅनेजर, कॅशियर आणि वॉचमन. त्यांच्या घरात आढ्याला वाळलेल्या लवक्या टांगलेल्या, त्यांच्या पोटात बी. मडक्यांत राख, राखेत बी. त्यांनी आधी माझी मुलाखत घेतली.

"मागच्या साली नेलेलं बी का केलं?"

"लावलं होतं."

"झालं का?"

"वानरं..."

"वानराले नाव ठेवू नोको. वानराले बेस लागला म्हणजे झालाच होता ना!"

शेवटी मोजून दाणे दिले. दाणे देताना त्यांनी माझ्याकडे सरळ नजरेला नजर देऊन पाहिलं, आणि बँकेचं कर्ज घेताना पोटात येतो तसा गोळा माझ्या पोटात आला.

ते दाणे मी पेपरच्या पुड्यांत बांधले, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि पुड्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या, कारण तिथं ओल लागत नाही. चवळाईचं बी पाहिलंय ना? काळं, चकचकीत, बारीक. आठवड्याभरानं बायको चुलीशी पुटपुटली, "आज मोहरी तडतडूनच नाही राह्यली." त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं. आमच्याकडची भरताची वांगी म्हणजे काय चीज आहे हे भंडारा-गोंदियाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही, शेकोटीत भाजून त्यावर तेल ओतलं की माणूस बाकीचं सगळं विसरतो. मीही विसरलो. दुसऱ्यांदा वाढून घेताना पुडीचा कागद चुलीपाशी दिसला. आत्याबाईंचं कर्ज त्या घासापर्यंत निम्मं बुडालं होतं. उरलेलं मी तसंच खाल्लं, वांगी चांगली होती.

नकाशाचंही असंच. तो मी भिंतीला लावायला खिळा शोधत होतो, तोवर बायकोनं त्यावर वड्या घातल्या. कोहळ्याच्या वड्यांना मोठा, कोरा, टणक कागद लागतो आणि तो घरात दुसरा नव्हता, असं तिचं म्हणणं. उत्तरेच्या बाणापासून संडासाच्या टाकीपर्यंत वड्या नीट ओळीनं, अंतर राखून बसल्या होत्या. माझ्या नकाशाबरहुकूम जी एकमेव लागण झाली ती हीच.

आणि मग फेब्रुवारी आला. पळस पेटला. कवी लोक वसंत ऋतूचं फार करतात. आमच्याकडे तो सकाळी साडेआठला येतो आणि अकराला जातो. साडेआठच्या आधी स्वेटर, अकरानंतर डोक्याला दुपट्टा. मधल्या अडीच तासांत कोकीळ, मोहर, मंद वारा वगैरे सगळं उरकून घ्यावं लागतं. वाफेही त्याच वेळात करायचे. म्हणून मी माणूस लावायचं ठरवलं.

माणूस लावणं हिवाळ्याच्या शेवटी सोपं नाही. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, सुरू होते आणि होळीपर्यंत नाटकं. रात्री दहाला पडदा उघडायचा, पहाटे मिटायचा. वडशाच्या नाटक कंपन्या या गावाहून त्या गावाला फिरत असतात आणि त्यांच्या मागं आमची निम्मी कामकरी मंडळी.

"गुरुजी, काल नाटक होतं," मी गाठलेला गडी डोळे चोळत म्हणाला.

"आज?"

"आज झोपतो."

"उद्या?"

"उद्या सासुरवाडीच्या गावात नाटक आहे. बायको म्हणे चालाच."

"परवा?"

"परवा झोपाले लागल ना जी!"

मला फार बोलता आलं नाही. कालच्या नाटकात तिसऱ्या अंकाला, नायिकेला सासरा घराबाहेर काढतो तेव्हा, तो आणि मी शेजारीशेजारी बसून रडत होतो. त्यानं माझ्या शालीला नाकही पुसलं होतं.

म्हणून स्वतः कुदळ घेतली. कागदावर वाफा काढताना माती किती मऊ असते! प्रत्यक्षात एक हात खणल्यावर विटा निघाल्या, त्याखाली जुन्या खुराड्याची जाळी, त्याखाली एक चप्पल. पुरातत्त्व खात्याला कळवावं असा मुद्देमाल वर आला आणि माझी कंबर खाली राहिली. पुढचे दिवस मी बाजेवर पालथा पडून सूचना देत होतो आणि बायको त्या न ऐकता वाफे करत होती. वाफे सरळ झाले. बी तिनंच टाकलं. अंतर तिनं वितीनं मोजलं आणि पुस्तिकेपेक्षा चांगलं मोजलं. मी तिला हे बोललो नाही.

पाण्याचा पाट मात्र मीच काढला, कारण उताराचं ज्ञान मला होतं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या माणसानं डोंगरांच्या मधल्या खिंडी बुजवल्या आणि पाणी आजतागायत तिथंच उभं आहे. कोहळी लोकांनी या भागात बांधलेल्या तलावांवर आमचा धान पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. माझ्यासमोर डोंगर नव्हते, एक विहीर, एक मोटर आणि चार वाफे होते. मोटर सुरू केली, पाणी पाटातून झुळझुळत निघालं, चारही वाफ्यांना वळसा घालून कुंपणाखालून शेजाऱ्यांच्या पपईला गेलं. शेजारी सकाळी दात घासत उभे होते. त्यांनी हात जोडले. "गुरुजी, आपली मेहरबानी!" ती पपई त्या उन्हाळ्यात अशी लदबदली की काय सांगू. त्यातल्या दोन आम्हालाही आल्या.

तरीही ढेमस उगवलं. दोन दोन पानं वर आली, लवकीची, काकडीची, बरबटीचीही आली. आणि ही बातमी पसरली. गावात नव्हे, गावात कोणी ढुंकून पाहिलं नाही. जंगलात पसरली. सगळ्यांत आधी वानरं आली आणि भिंतीवर ओळीनं बसली. वानर हा शिकलेला प्राणी आहे. तो सगळं उपटत नाही, एकेक उपटतो, वास घेतो, नापसंत करून ठेवून देतो आणि दुसरं उपटतो. मग शेळ्या. मग कोंबड्या, ज्यांना ओली उकरलेली माती म्हणजे आमंत्रणच. आणि रात्री रानडुकरं. डुक्कर एका रात्रीत जेवढं खणतं तेवढं त्या नाटकवाल्या माणसानं खणलं असतं तर माझी कंबर वाचली असती.

"साड्या लावा," शेकोटीवर ठराव झाला. या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते बरोबरही होतं. आमच्याकडे धानाच्या बांधावर, तुरीच्या धुऱ्यावर, जिकडे तिकडे जुन्या साड्यांची कुंपणं दिसतात. वाऱ्यानं साडी फडफडली की डुकराला वाटतं आत माणूस आहे. तारेचं कुंपण परवडत नाही, सौर कुंपणाचा अर्ज भरावा लागतो, साडी प्रत्येकाच्या घरात असते.

प्रत्येकाच्या घरात असते, पण ती कोणाची असते हा प्रश्न मी विचारात घेतला नव्हता. बायकोनं ट्रंक उघडली. मी समजत होतो, जुनी साडी आणि नवी साडी असे दोनच प्रकार असतात. नेसायच्या, ठेवायच्या, द्यायच्या आणि फिरत्या, असे निदान चार निघाले. फिरती साडी म्हणजे आहेरात आलेली आणि आहेरातच जाणारी. ती नेसायची नसते. तिची घडी मोडली तर तिचा धर्म बुडतो. एक हिरवी साडी तर बायकोनं एका लग्नात दिली होती, ती गावं फिरून कोणाच्या तरी बारशाला आमच्याच घरी परत आली. काठावरचा हळदीचा डाग तोच. बायकोनं तिला ओळखलं, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ती परत ट्रंकेत गेली. कुंपणाला अर्थातच फिरत्या साड्याच निघाल्या, कारण त्यांच्यावर माया नव्हती.

वाडीभोवती बांबू रोवले, साड्या ताणून बांधल्या. काय शोभा आली! गुलाबी, मोरपंखी, लिंबू, जांभळा. जरीचे काठ उन्हात चमकतायत. डुकरं त्या रात्री आली नाहीत. दुसऱ्या दिवशी बायका आल्या. एकेक करून, साखर मागायला, ताक द्यायला, सहज. कोणाचीही नजर ढेमसावर नव्हती. त्या कुंपण वाचत होत्या.

"ही लिंबू कलरची कुठं तरी पाह्यल्यासारखी वाटते."

"बाजारात असतील तशा," बायको म्हणाली.

"नाही, मी तुमच्या गृहप्रवेशाले देल्ली होती."

"अवो, म्हणून तर समोर लावली! सगळ्यायले दिसली पाह्यजे."

त्या उत्तरावर मी तिला मनातल्या मनात सलाम केला. पण दिवसभर हेच. गावातल्या निम्म्या घरांचा आमच्या कुंपणात हिस्सा होता. संध्याकाळपर्यंत कोणाची साडी रस्त्याकडे लागली आणि कोणाची संडासाकडे, यावरून गावात मानापमान सुरू झाले. संडासाकडच्या बाईंनी आमच्याकडचं ताक बंद केलं.

त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा नागपूरहून फोन आला. "दादा, महाशिवरात्रीला आपल्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेला येतेय. मुक्काम तुमच्याकडेच."

फोन ठेवला आणि आम्ही दोघं एकदम कुंपणाकडे बघायला लागलो.

"तिनं दिलेली कोणती?"

"मला काय विचारते? साड्या तू घेतेस."

"बहीण तुमची आहे."

शेवटी आहेराची वही काढली. आमच्याकडे ही वही चोख असते. कोणी काय दिलं ते लिहून ठेवल्याशिवाय त्याला काय द्यायचं हे ठरणार कसं? पानं उलटता उलटता नोंद सापडली: 'नणंदबाई, साडी १, जांभळी, काठ बरा.' कंदील घेऊन रात्री बाहेर पडलो. जांभळ्या म्हणाव्यात अशा तीन निघाल्या. कोणती म्हणून जोखीम कशाला? तिन्ही काढल्या, घड्या करून ट्रंकेत टाकल्या. कुंपणाला तीन खिंडारं पडली. त्यांतून रात्री कोण येऊन गेलं ते पायांच्या ठशांवरून सकाळी कळलं. ढेमसाचा वाफा नकाशात होता तसा सपाट झाला होता.

बहीण आली. अंगणातून आत येताना थबकली. दाराच्या अगदी समोर, वाऱ्यावर, एक राखाडी साडी फडफडत होती.

"वहिनी," ती पदराचा काठ चिमटीत धरून म्हणाली, "ही माझीच ना?"

बायको म्हणाली, "छे! तुमची तर जांभळी..."

"जांभळीच होती," बहीण काठ निरखत म्हणाली. "काठ बरा होता."

फेब्रुवारीचं ऊन एवढं असतं हे मला ठाऊक होतं. जांभळा रंग एवढ्यातच हार मानेल हे ठाऊक नव्हतं. मी घाईघाईनं तिला पाटाची योजना दाखवायला नेलं, मग पपई दाखवली. तिनं पपईचं कौतुक केलं. पुढं तिनं साडीचा विषयच काढला नाही. चहा घेतला, भरीत दोनदा मागून घेतलं, मोहरी वेगळीच लागते म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे जीपनं यात्रेला गेली. दिवसभर बायको एका जागी बसली नाही. ट्रंक उघडायची, बंद करायची, वही काढायची, ठेवायची.

संध्याकाळी बहीण परतली ती धुळीनं माखून. देवाचा अंगारा दिला, चिवडा दिला, भाच्यांसाठी घेतलेल्या पिपाण्या दाखवल्या. मग पिशवीच्या तळातून एक कोरी साडी काढली आणि हळदीकुंकवाचं बोट लावून बायकोच्या हातात ठेवली.

"यात्रेत घेतली, वहिनी. दुकानदाराला खोदून खोदून विचारलं. रंग पक्का आहे, उन्हात विटत नाही." आणि दाराबाहेरच्या खिंडारांकडे एकदा नजर टाकून म्हणाली, "मुद्दाम नऊवारी घेतली. विहिरीपर्यंत पुरेल."